एकाच होमपेजचे अनेक पत्ते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेबसाइटचं होमपेज एकच असतं, पण त्याला नावं मात्र आठ-दहा असू शकतात. ही उत्तरं छोट्या आणि मध्यम वेबसाइट सांभाळणाऱ्यांसाठी आहेत. लाखो पानांच्या साइटच्या अडचणी वेगळ्या असतात, त्या इथे घेतलेल्या नाहीत. उदाहरणांतले पत्ते देवनागरीत लिहिले आहेत. 'उदाहरण.कॉम' दिसेल तिथे आपलं डोमेन धरा आणि टाइप करताना नेहमीच्या रोमन अक्षरांत करा.

डुप्लिकेट पत्ता म्हणजे काय? आमचं होमपेज तर एकच आहे!

तुमच्या डोळ्यांना एकच आहे. सर्च इंजिन मात्र पान ओळखतं ते पत्त्यावरून. पत्त्यातलं एक अक्षर बदललं की ते दुसरं पान असू शकतं, असं धरूनच क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारा सर्च इंजिनचा प्रोग्राम, चालतो.

आता मोजून बघा. पत्त्याची सुरुवात एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस, हे झाले दोन प्रकार. पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आहे किंवा नाही, म्हणजे चार. शेवटी नुसता स्लॅश किंवा 'इंडेक्स.एचटीएमएल', म्हणजे आठ. सर्व्हरवर 'इंडेक्स.पीएचपी'सुद्धा उघडत असेल तर बारा. त्यात जाहिरातींच्या आणि न्यूजलेटरच्या लिंकांना चिकटणारी, वाचक कुठून आला ते सांगणारी 'यूटीएम'ची शेपटी धरली तर मोजदादच संपते. ही सगळी दारं एकाच खोलीत उघडतात, हे क्रॉलरला आत जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

यासाठी गुगल दंड करतं का?

नाही. एकाच साइटवर सरळ तांत्रिक कारणानं तयार झालेल्या डुप्लिकेट पानांसाठी दंड नसतो, हे गुगलनं २००८ मध्येच स्पष्ट केलं आहे. दंड असतो तो इतरांचा मजकूर उचलून किंवा फसवणुकीच्या हेतूनं पानांच्या प्रती काढणाऱ्यांना. तरीही 'डुप्लिकेट कंटेंट पेनल्टी' हा शब्द अजून फिरतो आहे, कारण भीती दाखवून काम मिळवणं सोपं जातं.

मग नुकसान कसलं? सोडूनच दिलं तर?

बऱ्याच साइटचं काहीही बिघडणार नाही, हे आधी मान्य करू. सर्च इंजिन सारखी दिसणारी पानं एका गटात टाकतं, त्यातला एक पत्ता प्रतिनिधी म्हणून निवडतं आणि बाकीच्यांकडे आलेल्या लिंकांचं वजन त्याच्याच खात्यावर जमा करतं. होमपेजच्या बाबतीत हा अंदाज सहसा बरोबर येतो.

अडचण येते ती अंदाज चुकल्यावर. समजा, जुन्या काळची 'इंडेक्स.एचटीएमएल' फाइल सर्व्हरवर तशीच पडून आहे आणि नवीन होमपेज 'इंडेक्स.पीएचपी'वर चालतं. दोन्ही पत्ते उघडतात, मजकूर वेगळा आहे, त्यामुळे गट जमतच नाही. जुन्या पानाकडे बाहेरून आलेल्या लिंका तिकडेच अडकून राहतात. दुसरी शक्यता म्हणजे शोधाच्या निकालात असुरक्षित एचटीटीपीचा किंवा एखाद्या विचित्र शेपटीचा पत्ता दिसतो आणि लोक बिचकतात. तिसरं नुकसान रँकिंगचं नाही, पण रोजच्या कामात तेच जास्त सतावतं: ॲनालिटिक्समध्ये होमपेजच्या भेटी तीन-चार ओळींत विभागल्या जातात आणि खरा आकडा कोणालाच दिसत नाही.

थोडक्यात, निवड सर्च इंजिनवर सोपवायची की आपण करायची, एवढाच हा प्रश्न आहे. काम अर्ध्या दिवसाचं असेल तर आपण करावी.

आपल्या साइटवर किती पत्ते उघडतात हे कसं शोधायचं?

ब्राउझरची खासगी खिडकी उघडा आणि एकेक पत्ता हातानं टाइप करा. आधी वरचे चार: एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय. मग त्यांच्या शेवटी इंडेक्स.एचटीएमएल, इंडेक्स.पीएचपी, विंडोज सर्व्हर असेल तर डीफॉल्ट.एएसपीएक्स आणि साइटच्या मेनूत असेल तर 'होम'. प्रत्येक वेळी ॲड्रेस बारमध्ये शेवटी काय उरतं ते पाहा. सगळे एकाच पत्त्यावर येऊन थांबले तर उत्तम. जो टाइप केला तोच तसाच राहिला आणि पान उघडलं, तर ते एक मोकळं दार आहे.

कमांड लाइनची सवय असेल तर 'कर्ल' हा प्रोग्राम वापरून फक्त हेडर, म्हणजे पानाआधी येणारी सर्व्हरची माहिती, मागवा. ब्राउझर कॅशमधलं जुनं उत्तर देऊन फसवू शकतो, कर्ल तसं करत नाही. उत्तरात स्टेटस कोड (उदा. ३०१) आणि पुढचा पत्ता सांगणारी 'लोकेशन' ही ओळ बघायची.

यानंतरची जागा बहुतेक जण विसरतात. सर्व्हरचा आयपी पत्ता नुसता टाकून बघा. होस्टिंग घेताना मिळालेला तात्पुरता पत्ता अजून चालू आहे का बघा. सीपॅनलवर (होस्टिंग सांभाळायच्या पॅनलवर) 'ॲड-ऑन डोमेन' म्हणून साइट जोडली असेल तर ती अनेकदा मुख्य डोमेनच्या सबडोमेनवर आणि मुख्य डोमेनच्या फोल्डरमध्येही उघडते, म्हणजे एका साइटला तीन घरं झाली.

शेवटच्या स्लॅशनं फरक पडतो का?

होमपेजपुरता नाही. डोमेनच्या पुढे काहीच नसेल तर ब्राउझर स्वतःच स्लॅश धरून विनंती पाठवतो, त्यामुळे 'उदाहरण.कॉम' आणि 'उदाहरण.कॉम/' हे एकच. आतल्या पानांवर मात्र '/सेवा' आणि '/सेवा/' हे दोन वेगळे पत्ते आहेत.

कॅपिटल अक्षरं आणि हॅश?

डोमेनच्या नावात लहान-मोठी अक्षरं सारखीच धरली जातात. त्यापुढच्या भागात तसं नाही. लिनक्स सर्व्हर मोठ्या 'आय'नं लिहिलेली इंडेक्स फाइल सहसा सापडली नाही असं सांगतो. विंडोज सर्व्हर ती आनंदानं उघडून देतो आणि डुप्लिकेट तयार होतो. हॅशच्या (#) पुढचा भाग सर्व्हरपर्यंत जातच नाही आणि गुगलही त्याला वेगळं पान मानत नाही. तिकडे लक्ष देऊ नका.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू ठेवावं की काढावं? रँकिंगसाठी कोणतं चांगलं?

रँकिंगसाठी दोन्ही सारखेच.

तांत्रिक फरक थोडा आहे. नुसत्या डोमेनला डीएनएसमध्ये (डोमेनचं नाव सर्व्हरशी जोडणाऱ्या यंत्रणेत) सीनेम, म्हणजे दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी, नोंद लावता येत नाही, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला येते. काही सीडीएन (वाचकाच्या जवळच्या सर्व्हरवरून पानं पुरवणाऱ्या) सेवा वापरताना हे सोयीचं पडतं. कुकीचंही तसंच आहे. नुसत्या डोमेनसाठी म्हणून लावलेली कुकी सगळ्या सबडोमेनना जाते, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूपुरती लावली तर तिथेच राहते. उलट बाजूनं, छोटा पत्ता बोलायला आणि छापायला सुटसुटीत. साइट जुनी असेल तर माझा सल्ला एकच: आज ज्या पत्त्याला बाहेरून जास्त लिंका आहेत आणि जो निकालात दिसतो आहे, तोच कायम करा. चांगलं चाललेलं नाव केवळ फॅशन म्हणून बदलण्यात अर्थ नाही.

एचटीटीपी की एचटीटीपीएस हा मात्र निवडीचा प्रश्न नाही. २०१४ पासून गुगल एचटीटीपीएसला रँकिंगमध्ये हलकंसं वजन देतं, २०१५ च्या डिसेंबरपासून दोन्ही पत्ते सारखे असतील तर एचटीटीपीएसचा आधी धरतं, आणि ब्राउझर एचटीटीपीच्या पानावर 'सुरक्षित नाही' अशी पाटी लावतात.

रिडायरेक्ट आणि कॅनॉनिकल टॅग, दोन्हींत फरक काय?

रिडायरेक्ट म्हणजे दारावर उभा राहून येणाऱ्याला 'पलीकडच्या दारानं या' सांगणारा माणूस. वाचक असो की क्रॉलर, त्याला आत जाताच येत नाही. कॅनॉनिकल टॅग म्हणजे आत भिंतीवर लावलेली चिठ्ठी: 'या खोलीचा अधिकृत पत्ता अमुक.' वाचक ती वाचत नाही, क्रॉलर वाचतो.

हा टॅग २००९ च्या फेब्रुवारीत गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून जाहीर केला. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तिघांनी एका टॅगवर एकमत केलं, यावरून हा प्रश्न तेव्हा केवढा पसरला होता ते कळतं. पण एक गोष्ट सुरुवातीपासून तशीच आहे. टॅग ही सूचना असते, हुकूम नव्हे. इतर खुणा उलट दिशेला बोट दाखवत असतील तर सर्च इंजिन तुमची चिठ्ठी बाजूला ठेवू शकतं.

म्हणून जो पत्ता कोणालाही उघडून दिसायची गरज नाही, त्याला रिडायरेक्ट. इंडेक्स.एचटीएमएल, एचटीटीपी, नको असलेलं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हे सगळे यात आले. जो पत्ता चालू राहायलाच हवा, उदाहरणार्थ यूटीएमची शेपटी असलेला, त्याला टॅग. आणि होमपेजवर स्वतःकडेच बोट दाखवणारा टॅग तसाही असू द्या.

३०१, ३०२, ३०७, ३०८ यांतला कोणता कोड लावायचा?

३०१. तो 'कायमचं हलवलं' असं सांगतो. ३०८ चा अर्थही तोच आहे, फक्त फॉर्म भरून पाठवलेली माहिती तो त्याच पद्धतीनं पुढे नेतो. होमपेजसाठी दोन्ही चालतात. ३०२ आणि ३०७ तात्पुरते आहेत. चुकून ३०२ लावून तो वर्षभर राहिला तर गुगल शेवटी त्याला कायमचा समजू लागतं, पण त्या भरवशावर कशाला राहायचं?

क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये कधी कधी तुम्ही न लावलेला ३०७ दिसतो आणि लोक घाबरतात. साइटवर एचएसटीएस चालू असेल तर ब्राउझर सर्व्हरला न विचारताच एचटीटीपीचं एचटीटीपीएस करून टाकतो आणि ते ३०७ म्हणून दाखवतो. सर्व्हरचं खरं उत्तर कर्लमध्ये दिसेल.

रिडायरेक्टमध्ये लिंकचं वजन गळतं ना?

पूर्वी थोडं गळतं असं मानलं जायचं. ३०० च्या मालिकेतल्या रिडायरेक्टमुळे पेजरँक (गुगल मोजतं ते लिंकांचं वजन) कमी होत नाही, असं गुगलच्या प्रतिनिधीनं २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितलं. विषय संपला.

इंडेक्स.एचटीएमएलवर रिडायरेक्ट लावला आणि साइटच बंद पडली. असं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

कोणी 'उदाहरण.कॉम/' मागितलं की सर्व्हरकडे स्लॅश नावाची फाइल नसते. तो आपल्या यादीत बघतो, अपाचे या सर्व्हर प्रोग्राममध्ये या यादीचं नाव 'डिरेक्टरी इंडेक्स', आणि आतल्या आत इंडेक्स.एचटीएमएल उचलतो. हे बाहेर कोणाला दिसत नाही. आता तुम्ही नियम लिहिला: 'इंडेक्स.एचटीएमएल आलं की स्लॅशवर पाठव.' वाचक स्लॅशवर येतो, सर्व्हर आतून इंडेक्स.एचटीएमएल उचलतो, तुमचा नियम ते नाव पाहतो आणि वाचकाला पुन्हा स्लॅशवर पाठवतो. तिथून पुन्हा तेच. काही फेऱ्यांनंतर ब्राउझर हात टेकतो आणि खूप वेळा रिडायरेक्ट झाल्याची तक्रार दाखवतो.

उपाय असा, की नियमानं सर्व्हरनं आतून उचललेलं नाव न बघता वाचकानं मुळात काय मागितलं होतं ते बघायचं. अपाचेत त्यासाठी 'द रिक्वेस्ट' नावाचं व्हेरिएबल आहे. त्यात ब्राउझरनं पाठवलेली मूळ ओळ जशीच्या तशी असते. अट तिच्यावर लावा. एनजिनएक्समध्ये हेच काम 'रिक्वेस्ट यूआरआय' करतं. इंटरनेटवरून उचललेला नियम यांपैकी काही न वापरता नुसतं फाइलचं नाव तपासत असेल तर तो चिकटवू नका.

आणि नियम बसला की लगेच ३०१ करू नका. आधी ३०२ लावून दोन-तीन ब्राउझरवर तपासा, मग ३०१ करा. ब्राउझर ३०१ पक्का लक्षात ठेवतो. मी एकदा घाईत चुकीच्या पत्त्याकडे ३०१ लावला, दहा मिनिटांत दुरुस्तही केला, पण त्या दहा मिनिटांत साइट उघडलेल्या लोकांचे ब्राउझर कॅश साफ करेपर्यंत चुकीच्याच दारी जात राहिले. सर्व्हर बरोबर होता, माझा फोन मात्र दिवसभर वाजत होता.

आम्ही इंडेक्सचा नियम लावलाच नव्हता, तरी तशीच फेरी लागली.

मध्ये सीडीएन आहे का? वाचक सीडीएनपर्यंत एचटीटीपीएसनं येतो, पण सीडीएन तुमच्या सर्व्हरशी साध्या एचटीटीपीनं बोलत असेल तर सर्व्हरला प्रत्येक विनंती असुरक्षित दिसते. तो म्हणतो, 'एचटीटीपीएसवर जा.' वाचक आधीच तिथे असतो. सर्व्हरवरही सर्टिफिकेट बसवा आणि सीडीएनला त्याच्याशी एचटीटीपीएसनंच बोलायला लावा, हा नीट उपाय. ते शक्य नसेल तर सर्व्हरच्या नियमात 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हे हेडर तपासा. वाचक मुळात कसा आला होता ते त्यात लिहिलेलं असतं.

एका रिडायरेक्टनंतर दुसरा, मग तिसरा. चालेल का?

गुगलचा क्रॉलर दहा उड्यांपर्यंत मागे येतो, पण तेवढी परीक्षा घेऊ नका. प्रत्येक उडीला वाचकाचा वेळ जातो, आणि मोबाइलच्या मंद नेटवर्कवर तो जाणवतो. शक्य तिथे कोणत्याही जुन्या पत्त्यावरून थेट अंतिम पत्त्यावर न्या.

याला एक अपवाद आहे. साइट एचएसटीएसच्या प्रीलोड यादीत (फक्त एचटीटीपीएसनं उघडायच्या साइटची, ब्राउझरमध्ये आधीच भरलेली यादी) घालायची असेल तर एचटीटीपीवरून आधी त्याच होस्टच्या एचटीटीपीएसवर जावं लागतं, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची बदली. तिथे दोन उड्या होणारच, आणि त्या होऊ द्याव्यात.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू वापरतच नाही, मग त्याचं सर्टिफिकेट कशाला?

कारण रिडायरेक्टचं उत्तर सुरक्षित जोडणी झाल्यानंतरच मिळतं. सर्टिफिकेटमध्ये ते नाव नसेल तर ब्राउझर लाल इशारा दाखवून तिथेच थांबतो, तुमचा रिडायरेक्ट वाचकापर्यंत पोचतच नाही. दोन्ही नावं एकाच सर्टिफिकेटमध्ये घ्या.

कॅनॉनिकल टॅग लावताना काय सांभाळायचं?

पूर्ण पत्ता लिहा, एचटीटीपीएसपासून शेवटच्या स्लॅशपर्यंत. टॅग पानाच्या हेड भागात हवा, बॉडीत असेल तर तो धरला जात नाही. इथे एक छुपा सापळा आहे. हेडमध्ये चुकून चित्राचा किंवा आयफ्रेमचा टॅग आला तर पान वाचणारा हेड तिथेच संपला असं समजतो, आणि त्याखालचा कॅनॉनिकल बॉडीत जाऊन पडतो. सोर्समध्ये तो जागच्या जागी दिसतो, म्हणून शोधायला फार वेळ जातो. ट्रॅकिंगचे कोड हेडमध्ये चिकटवताना ही चूक हमखास होते.

एका पानावर टॅग एकच हवा. थीम एक टाकते, प्लगइन दुसरा टाकतं, आणि दोन्ही वेगळे पत्ते सांगत असतील तर सर्च इंजिन कोणाचंच ऐकेल असं नाही.

पण सगळ्यांत महाग चूक वेगळीच. कोणीतरी होमपेजचा कॅनॉनिकल पत्ता हेडरच्या सामायिक टेम्प्लेटमध्ये हातानं लिहून ठेवतो. टेम्प्लेट प्रत्येक पानावर चालतं. म्हणजे साइटचं प्रत्येक पान ओरडून सांगायला लागतं, 'मी म्हणजे होमपेजच.' एका साइटवर हे मी पाहिलं आहे. आतली पानं काही आठवड्यांत एकेक करून निकालातून गळाली, आणि मालक मजकूर पुन्हा पुन्हा लिहून घेत राहिले. दोष एका ओळीचा होता. टॅग लावल्यावर होमपेज सोडून निदान दोन आतली पानं उघडून सोर्स बघाच.

डुप्लिकेट पत्ते रोबोट्स फाइलमध्ये बंद केले तर?

नका करू. क्रॉलरनं कुठे जाऊ नये ते ही फाइल सांगते. क्रॉलरला दारातच अडवलं तर आतला रिडायरेक्ट त्याला दिसणार नाही, टॅगही नाही. त्या पत्त्याकडे आलेल्या लिंकांचं वजन कुठे न्यायचं ते त्याला कळणारच नाही. शिवाय बाहेरून लिंका असतील तर अडवलेला पत्ता वर्णनाशिवाय निकालात दिसूही शकतो.

आणि नोइंडेक्स?

'हे पान निकालात दाखवू नका' असं सांगणारा हा टॅग, तोही नको. होमपेजच्या एका नावाला नोइंडेक्स लावायला गेलं की तीच फाइल दुसऱ्या नावानंही उघडत असल्यामुळे खऱ्या होमपेजलाच लागतो. अशी स्वतःहून ओढवलेली संकटं कमी नाहीत.

वर्डप्रेसमध्ये वेगळं काही करावं लागतं?

बरंचसं काम तो स्वतः करतो. २००७ मध्ये आलेल्या २.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस नको त्या पत्त्यावरून बरोबर पत्त्यावर आपोआप पाठवतो. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि इंडेक्स.पीएचपी दोन्ही त्यात येतात. तुम्ही फक्त सेटिंग्जमधल्या 'जनरल' पानावरचे दोन्ही पत्ते एकसारखे आणि एचटीटीपीएसनं सुरू होणारे आहेत ना, ते बघा. सर्व्हरवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू काढायचा नियम आणि वर्डप्रेसमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा पत्ता, असं झालं की दोघं वाचकाला चेंडूसारखा टोलवत बसतात.

स्थलांतरानंतर जुनी इंडेक्स.एचटीएमएल फोल्डरमध्ये राहिली असेल तर ती काढा आणि तिच्या नावावर रिडायरेक्ट ठेवा. बऱ्याच सर्व्हरवर पीएचपीच्या आधी तिचाच नंबर लागतो, आणि नवीन साइट चढवूनही जुनीच का दिसते म्हणून लोक रात्र जागवतात.

आमच्या लोगोची लिंकच इंडेक्स.एचटीएमएलकडे जाते. रिडायरेक्ट आहे, मग राहू दे का?

नको. बाहेरचे पत्ते तुमच्या हातात नसतात, ही लिंक असते. साइटचं प्रत्येक पान लोगोतून एक पत्ता सांगतं आणि टॅग दुसरा, ही विसंगती विनाकारण आहे. खरं तर कामाची सुरुवात इथूनच करावी: लोगो, मेनू, तळपट्टी, साइटमॅप, सोशल मीडियावरची प्रोफाइल, ईमेलखालची सही. सगळीकडे एकच पत्ता, अक्षर न् अक्षर तोच.

यूटीएमच्या शेपटीचे पत्ते थांबवता येतात का?

थांबवायचे कशाला? त्यांच्यावरूनच कोणती जाहिरात चालली ते कळतं. होमपेजवर स्वतःकडे बोट दाखवणारा कॅनॉनिकल टॅग असेल तर हे पत्ते आपोआप त्यात जमा होतात. फक्त साइटच्या आतल्या लिंकांना यूटीएम लावू नका. त्यानं डुप्लिकेट वाढतात आणि वाचक मुळात कुठून आला ही नोंदही बिघडू शकते. सर्च कन्सोलमध्ये (साइट निकालात कशी दिसते ते मालकाला दाखवणारी गुगलची सेवा) अशा शेपट्यांसाठी पूर्वी एक साधन होतं, ते गुगलनं २०२२ मध्ये बंद केलं.

सर्च कन्सोलमधली 'प्रिफर्ड डोमेन'ची सेटिंग कुठे गेली?

२०१९ मध्ये काढली. आता निवड रिडायरेक्ट, टॅग, साइटमॅप आणि अंतर्गत लिंका यांतूनच सांगायची.

दोन भाषांची दोन होमपेज म्हणजे डुप्लिकेट का?

नाही. भाषांतर हा डुप्लिकेट मजकूर नसतो. प्रत्येक भाषेच्या होमपेजचा कॅनॉनिकल स्वतःकडे ठेवा आणि दोघांना 'एचरेफलँग' या पानाची भाषा सांगणाऱ्या टॅगनं एकमेकांशी जोडा. एका भाषेचा कॅनॉनिकल दुसरीकडे वळवलात तर पहिली भाषा निकालातून जाईल. डोमेनच्या मुळाशी भाषा निवडायचं पान असेल तर त्याला 'एक्स-डीफॉल्ट' म्हणा. ब्राउझरची भाषा बघून सक्तीनं वळवणं टाळा. गुगलचा क्रॉलर सहसा भाषेची पसंती कळवतच नाही, त्यामुळे त्याला कायम एकच भाषा दिसत राहते.

एकाच साइटसाठी दोन डोमेन घेतली आहेत.

एक मुख्य ठेवा, दुसरं ३०१ नं तिकडे वळवा. दोन्हींवर तीच साइट चालवून दुप्पट जागा मिळत नाही.

चाचणीची प्रत निकालात आली आहे. तिलाही कॅनॉनिकल लावू?

तिला पासवर्ड लावा. चाचणीच्या प्रतीचा मजकूर रोज बदलतो, त्यामुळे ती मूळ साइटशी जुळेलच असं नाही, आणि टॅग दुर्लक्षला जाऊ शकतो. पासवर्ड कोणी दुर्लक्षित करू शकत नाही. आधीच आलेले पत्ते सर्च कन्सोलच्या काढून टाकायच्या साधनानं तात्पुरते लपवता येतात.

सर्च कन्सोलमध्ये 'पेज विथ रिडायरेक्ट' आणि 'योग्य कॅनॉनिकल टॅग असलेलं पर्यायी पान' असे पत्ते इंडेक्स न झालेल्यांच्या यादीत दिसतात. काय दुरुस्त करायचं?

काहीच नाही. तुम्ही सांगितलं तेच झालं आहे. एचटीटीपीचा पत्ता त्या यादीत असणं हीच यशाची खूण. 'दुरुस्ती तपासा'चं बटण दाबत बसू नका.

लक्ष द्यायचं ते 'गुगलनं वापरकर्त्यापेक्षा वेगळा कॅनॉनिकल निवडला' या ओळीकडे. तो पत्ता यूआरएल तपासणीत टाका. तुम्ही सांगितलेला आणि गुगलनं निवडलेला, असे दोन्ही शेजारी दिसतील. मग गुगलनं निवडलेल्या पत्त्याकडे कोण बोट दाखवतं ते शोधा: जुना साइटमॅप, लोगोची लिंक, उलट दिशेचा रिडायरेक्ट, एचटीटीपीएसचं बिघडलेलं सर्टिफिकेट. दहापैकी नऊ वेळा गुन्हेगार आपल्याच घरात सापडतो. आणखी एक, सर्च कन्सोलमध्ये प्रॉपर्टी (म्हणजे आपली साइट) जोडताना 'डोमेन' प्रकार घ्या. डीएनएसमध्ये एक नोंद करावी लागते, पण सगळे पत्ते एकाच ठिकाणी दिसतात.

बदल दिसायला किती वेळ लागतो?

होमपेज क्रॉलर वारंवार बघतो, त्यामुळे काही दिवसांत ते काही आठवड्यांत. रोज गुगलमध्ये 'साइट:' आणि आपलं डोमेन टाकून पत्ते मोजू नका. ती शोधाची सोय आहे, हिशेबाची वही नव्हे. वळवलेला पत्ताही तिथे बराच काळ रेंगाळतो.

रिडायरेक्ट कधी काढायचे?

गुगल निदान एक वर्ष ठेवा म्हणतं. मी म्हणेन, काढूच नका. दोन ओळींचा नियम आहे, त्याला भाडं पडत नाही. कोणाच्या तरी जुन्या बुकमार्कमध्ये तो पत्ता अजून असतो.

हे सगळं केल्यावर रँकिंग किती वाढेल?

साइट आधीच नीट गटात बसत असेल तर बहुधा अजिबात नाही. जुनं आणि नवं होमपेज वेगवेगळं इंडेक्स झालेलं असेल तर मात्र फरक दिसू शकतो, कारण वाटल्या गेलेल्या लिंका पहिल्यांदाच एकत्र येतील. यापेक्षा मोठं आश्वासन देणाऱ्याकडून ते लेखी घ्या.

डोमेनच्या शेवटी टिंब दिलं तरी आमची साइट उघडते. हाही डुप्लिकेट का?

गंमत आहे खरी. डीएनएसच्या नियमानं प्रत्येक पूर्ण नावाच्या शेवटी एक टिंब असतंच, आपण ते लिहीत नाही एवढंच. त्यामुळे 'उदाहरण.कॉम.' हा वैध पत्ता आहे आणि बरेच सर्व्हर त्याला उत्तर देतात. पूर्ण पत्त्याचा कॅनॉनिकल टॅग असेल तर तोही आपोआप हाताळला जातो. मुद्दाम त्या पत्त्याला लिंक देणारा माणूस अजून तरी माझ्या पाहण्यात आलेला नाही.